मुलाखतीचा शर्ट आणि नॉमिनीचा रकाना : पुण्यात एकट्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी

लातूर, जळगाव, सांगली, कुठूनही पुण्यात येऊन कॉट बेसिसवर किंवा पीजीत राहणाऱ्या अविवाहित माणसासमोर महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने दोन प्रश्न येतात. मुलाखतीला काय घालायचं, आणि नोकरी लागली की जॉइनिंगच्या कागदांत नॉमिनी म्हणून कोणाचं नाव लिहायचं. पहिल्या प्रश्नावर रूममेट भरपूर सल्ले देतात. दुसऱ्यावर कोणी बोलत नाही. एचआरवाले म्हणतात, "आईचं किंवा बाबांचं टाका, नंतर बदलता येतं." ते 'नंतर' बहुतेकांच्या बाबतीत कधी उगवत नाही. म्हणून इथे कपड्यांचं मोजकं आणि नॉमिनीचं सविस्तर.

कपडे : आधी कंपनी कुठली ते बघा

हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यातल्या आयटी कंपन्यांत लोक रोज टी-शर्ट आणि जीन्सवर येतात. उमेदवाराने मात्र तसं जाऊ नये. फुल बाह्यांचा शर्ट, फॉर्मल पँट आणि लेदरचे साधे बूट एवढं पुरतं. टाय आणि ब्लेझर तिथे बहुधा जास्त होतो. बँक, विमा, हॉटेल किंवा मोठ्या ग्राहकांशी संबंध येणारी विक्रीची नोकरी असेल तर शोभतो. चाकण, रांजणगाव, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुलाखत झाल्यावर शॉप फ्लोअरवर फेरी मारायला नेतात. पुढून बंद बूट आणि जाड मोजे हवेतच, कारण आत सेफ्टी शूज घालायला दिले आणि पायात मोजे नसले की पंचाईत होते. लांब ओढणी, कडं, लोंबती साखळी, अंगठी घरीच ठेवा. मशीनजवळ ती चालत नाही, आणि गेटवर काढायला लावली तर उमेदवाराचा अर्धा धीर तिथेच जातो.

शर्ट घेताना आधी खांदा बघा. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकाला संपली पाहिजे. कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते. खांदा दुरुस्त करायचा तर बाही उसवावी लागते आणि कोपऱ्यावरचा शिंपी त्या भानगडीत पडत नाही. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत यावी. मग शर्ट खोचून दोन्ही हात वर करा. बाहेर आला तर तो कॅज्युअल कापाचा आखूड शर्ट आहे, खोचण्यासाठी शिवलेलाच नाही. पँट ट्रायल रूममध्ये उभ्याने सगळ्यांनाच बसते, म्हणून खाली बसून बघा. मांडीवर ताणली गेली किंवा खिसे उघडले तर एक साइज मोठी घ्या आणि कंबर आत घ्या. लांबी इतकी हवी की बुटावर कापडाची एकच मोड पडेल.

शंभर टक्के कॉटन छान दिसतं, पण शिवाजीनगरहून हिंजवडीपर्यंत बसमध्ये तासभर अंग चोरून बसल्यावर त्याची दशा होते. कॉटन-पॉलिएस्टर मिश्र कापड कमी चुरगळतं. लिनन या कामाला नकोच. शर्ट पांढरा किंवा फिका निळा, पँट नेव्ही किंवा गडद करडी. पांढरा शर्ट आणि कुळकुळीत काळी पँट वाईट नाही, पण माणूस हॉटेलातल्या कॅप्टनसारखा दिसतो. फिक्या शर्टाखाली पांढरं बनियन उठून दिसतं. फिक्या करड्या किंवा त्वचेच्या जवळच्या रंगाचं दिसत नाही. पट्टा आणि बूट एका रंगाचे, मोजे पँटच्या रंगाचे.

तयार कपडा अंगाला बसत नसेल तर लक्ष्मी रस्त्यावर कापड घेऊन शिवून घ्या. ५८ इंच पन्ह्याच्या कापडात फुल शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३० मीटर लागतं. ३६ इंच पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर धरा. उंची सहा फुटांच्या आसपास असेल तर शिंप्याला विचारूनच माप घ्या. सुती कापड शिवायला टाकण्याआधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि बाही मनगटाच्या वर जाते. शिंपी आठ-दहा दिवस सांगतो. दिवाळी आणि लग्नसराईत तो शब्द पाळला जात नाही हे धरूनच चाला.

मुलींसाठी सलवार-कुर्ता सगळीकडे चालतो. लेगिंगपेक्षा सरळ पँट बरी, कारण बसल्यावर कुर्त्याची चीर उघडते. ओढणी असेल तर दोन्ही खांद्यांवर पिन करा. सावरत बसायला लागलं की बोलण्यातलं लक्ष जातं. साडी नेसायची सवय असेल तरच नेसा. कांजी केलेली सुती साडी उभ्याने रुबाबदार दिसते, पण रिक्षातून उतरेपर्यंत निऱ्या मोडतात. मिश्र धाग्याची साडी आणि पिन केलेला पदर जास्त टिकतो. टेबलावर वाजणाऱ्या बांगड्या नकोत. चप्पल घातलीच तर मागे पट्टा असलेली.

पुण्यात कपड्यांची खरी परीक्षा रस्त्यावर होते. जून ते सप्टेंबर दुचाकीवर रेनकोट असला तरी पँटचे पाय आणि बूट भिजतात, म्हणून फ्लोटर्स घालून निघा. बूट आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून कंपनीच्या पार्किंगमध्ये बदला. खाकी पँटवर चिखलाचा शिंतोडा ठळक दिसतो, गडद पँटवर लपतो. पाठीला सॅक लावली तर शर्टाच्या मागे घामाचा डाग पडतो. ती पुढे घ्या किंवा पायाशी ठेवा. हेल्मेट किंवा स्कार्फने केस चपटे होतात, म्हणून खिशात कंगवा आणि हातात वीस मिनिटं हवीत. जिथे जायचंय ते वनाज-रामवाडी किंवा पिंपरी-स्वारगेट मार्गाजवळ असेल तर त्या दिवशी गाडी सोडून मेट्रोने जा. इस्त्री आदल्या संध्याकाळीच आणा.

फसगत होते ती छोट्या गोष्टींत. नव्या ब्लेझरची मागची चीर फुलीच्या टाक्याने बंद असते आणि बाहीवर कंपनीचं लेबल असतं. दोन्ही घरी उसवायचं असतं. नवे बूट तीन-चार दिवस मोज्यांसकट घरात घालून फिरा, नाहीतर टाच सोलते. कॉलेजच्या निरोप समारंभानंतर दोन-तीन वर्षं खोक्यात पडलेले बूट असतील तर ते आधी घालून जिना चढा-उतरा. पीयूचा सोल दमट हवेत आतून कुजतो. वरून धडधाकट दिसतो आणि चालायला लागलं की त्याचा भुगा पडतो. व्हिडिओ मुलाखतीला बारीक रेघांचा किंवा बारीक चौकड्यांचा शर्ट नको, तो कॅमेऱ्यात थरथरतो. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा शर्टही नको, आणि उजेड मागून नव्हे, समोरून यावा.

नॉमिनीचा रकाना एक नसतो

जॉइनिंगच्या आठवड्यात नॉमिनी चार-पाच ठिकाणी विचारतात : कंपनीचा ग्रुप टर्म विमा (सगळ्या कर्मचाऱ्यांचा मिळून काढलेला, मृत्यू झाला तरच पैसे देणारा), पीएफ आणि त्यासोबतची पेन्शन, ग्रॅच्युइटी, पगाराचं बँक खातं. स्वतःची एलआयसी किंवा टर्म पॉलिसी असेल तर ती वेगळी. खातं उघडताना बँकेने वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती किंवा २० रुपयांची सुरक्षा विमा योजना लावली असेल तर ती आणखी वेगळी. या दोन्हींत दोन लाखांपर्यंतचं संरक्षण असतं आणि पुष्कळांना आपण त्यात आहोत हेच माहीत नसतं. एका ठिकाणी भरलेलं नाव दुसरीकडे आपोआप जात नाही. प्रत्येकाचे नियमही निरनिराळे आहेत.

स्वतंत्र टर्म पॉलिसी घ्यावी की नाही, याचं उत्तर तुमच्या पगारावर कोण अवलंबून आहे यावर ठरतं. घरी कोणालाच तुमच्या पैशाची गरज नसेल तर घाई नाही. पण शैक्षणिक कर्ज असेल आणि वडील सहकर्जदार असतील, तर तुमच्या मागे त्या कर्जाची वसुली त्यांच्याकडून होते. तेव्हा उरलेलं कर्ज आणि घरी पाठवत असलेले पैसे यांचा हिशेब करून तेवढं तरी कव्हर हवं. नुसत्या कंपनीच्या ग्रुप विम्यावर विसंबू नका, नोकरी सुटली की तो सुटतो.

कायदा काय म्हणतो

आयुर्विम्याचं नामांकन विमा कायदा १९३८च्या कलम ३९ खाली होतं. जुनी समज अशी की ज्याचं नाव त्याचे पैसे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली सरबती देवी खटल्यात ती मोडून काढली : नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा माणूस, मालकी कायदेशीर वारसांची. २०१५च्या दुरुस्तीने यात मोठा फरक केला. नॉमिनी म्हणून आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांच्यापैकी कोणी असेल तर ती रक्कम त्यांच्या स्वतःच्या लाभासाठी, असं कलमात लिहिलं गेलं. त्यानंतरही इतर वारसांनी हक्क सांगितला तर काय, यावर उच्च न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. पण अविवाहितासाठी महत्त्वाचा भाग स्पष्ट आहे. भाऊ, बहीण, भाचा, मावशी, मित्र, लग्नाविना सोबत राहणारा जोडीदार ही नावं त्या यादीत नाहीत. ते नॉमिनी असले तर विमा कंपनी त्यांना पैसे देईल, पण ते पैसे ते वारसांसाठी सांभाळत आहेत असं धरलं जाईल.

मग वारस कोण? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ लागतो (बौद्ध, जैन आणि शीखांनाही तोच), आणि तिथे मुलगा आणि मुलगी यांच्यात फरक आहे. अविवाहित, मूल नसलेल्या पुरुषाची वर्ग एकची वारस आई. वडील वर्ग दोनमध्ये आहेत, म्हणजे आई हयात असेल तर वडिलांना काही नाही. आई नसेल तर वडील, आणि तेही नसतील तर बहुतेक घरांत भाऊ-बहिणी. अविवाहित स्त्रीच्या बाबतीत आई आणि वडील दोघे बरोबरीने वारस आहेत. विधवा, मूल नसलेल्या स्त्रीने स्वतः कमावलेल्या मालमत्तेवर तिच्या आई-वडिलांच्या आधी नवऱ्याच्या वारसांचा हक्क येतो. हे ऐकून पुष्कळ जणी चकित होतात, आणि व्हायलाच हवं. मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा, ख्रिश्चनांना भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो.

आता नाव कोणाचं

आई-वडील दोघे असतील तर दोघांची नावं पन्नास-पन्नास टक्के लिहिणं बहुतेकांना योग्य. दोघेही लाभार्थी नॉमिनींच्या यादीत बसतात, आणि एकजण तुमच्या आधी गेला तर रक्कम हयात असलेल्या नॉमिनीला जाते. एकच नाव लिहायचं असेल तर दोन गोष्टी बघा. कोणाचं स्वतःच्या एकट्याच्या नावाचं, चालू, केवायसी झालेलं बँक खातं आहे? आणि कोणावर थकीत कर्ज आहे? वडिलांचं पीककर्ज किंवा धंद्याचं कर्ज थकलं असेल आणि विम्याची रक्कम त्याच बँकेतल्या त्यांच्या खात्यात आली, तर बँक ती थकबाकीपोटी वळती करून घेऊ शकते. अशा घरात आईचं नाव आणि दुसऱ्या बँकेतलं खातं शहाणपणाचं. आईला खातं नसेल तर आधी खातं उघडा, नॉमिनी नंतर. क्लेम आता थेट खात्यात जमा होतो आणि त्यासाठी नाव छापलेला रद्द केलेला चेक किंवा पासबुक मागतात.

आई-वडील असताना भावाला नॉमिनी करायचं कारण बहुधा एवढंच असतं की तो शिकलेला आहे, धावपळ करेल. धावपळ करायला नॉमिनी असावं लागत नाही. फॉर्म आणि कागद तो आईसोबत जाऊन भरू शकतो. पैसे त्याच्या खात्यात गेले आणि उद्या त्याच्या संसारात खर्च झाले, तर आईला ते परत मागायला दिवाणी न्यायालयात जावं लागेल. आपल्या घरात असं होणार नाही असं प्रत्येकाला वाटतं.

खरोखरच बहिणीला, भाचीला, मित्राला किंवा सोबत राहणाऱ्या जोडीदाराला पैसे मिळावेत अशी इच्छा असेल तर दोन कागद करा. त्यांना नॉमिनी करा आणि मृत्युपत्रात पॉलिसी क्रमांक लिहून ती रक्कम त्यांना दिल्याचंही लिहा. नुसता नॉमिनी केला तर वारस मागे लागतात. नुसतं मृत्युपत्र केलं तर कंपनी नोंदलेल्या नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होते. मृत्युपत्राने नामांकन बदलता येतं असं कलम ३९ म्हणतं, पण कंपनीला लेखी कळवलेलं नसेल तर तिने जुन्या नॉमिनीला दिलेले पैसे बरोबरच धरले जातात. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. प्रत्येक पानावर सही, शेवटी तारीख, आणि दोन साक्षीदार ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं आहे. साक्षीदार लाभार्थी नसावेत. दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी ऐच्छिक आहे, पण नातेवाईक हरकत घेतील असं वाटत असेल तर ती करून टाका. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. मित्राचं किंवा जोडीदाराचं नाव घालायला काही कंपन्या प्रस्तावाच्या वेळी नाखूश असतात आणि कारण विचारतात. प्रीमियम भरण्याआधी ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. एजंटच्या "होऊन जाईल" वर जाऊ नका.

घटस्फोटित किंवा एकट्या पालकाचं मूल लहान असेल तर नॉमिनी मूलच करा, आणि ते अठरा वर्षांचं होईपर्यंत पैसे स्वीकारणारी व्यक्ती म्हणून अपॉइंटी नेमा. तो रकाना रिकामा ठेवणं ही नेहमीची चूक आहे. मग पैसे कोणाच्या हातात द्यायचे यावर घोळ होतो आणि पालकत्वाचा प्रश्न निघतो. आपली आई किंवा बहीण अपॉइंटी म्हणून बरी, पण त्या व्यक्तीला विचारून, तिची सही घेऊनच. आधीच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव घटस्फोटाने आपोआप निघत नाही, ते स्वतः बदलावं लागतं. विवाहित स्त्री मालमत्ता कायदा १८७४ खाली पॉलिसी घ्या असं कोणी सुचवलं तर ध्यानात ठेवा की तो बायको-मुलांसाठी आहे. अविवाहिताला आई-वडिलांसाठी त्याचा उपयोग नाही.

पीएफचा नियम उलटा आहे

पीएफमध्ये कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. कुटुंबाच्या व्याख्येत तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील आहेत, भाऊ-बहिणी नाहीत. म्हणजे आई तुमच्यावर अवलंबून असताना बहिणीचं नाव भरलं तर ते नामांकन अवैध. कुटुंबच नसेल तर कोणालाही करता येतं. लग्न झालं की आधीचं नामांकन बाद होतं आणि नव्याने करावं लागतं. आयुर्विम्यात असं काही नाही. लग्नानंतर वीस वर्षांनीही आईचंच नाव असेल तर कंपनी आईलाच देते. या फरकाची कल्पना नसल्यामुळे सासू-सुनेत भांडणं लागतात, आणि दोघींचीही त्यात चूक नसते.

ई-नॉमिनेशन पीएफ संघटनेच्या (ईपीएफओ) सदस्य पोर्टलवर करता येतं. यूएएनने (पीएफचा नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) लॉगिन करा, आधी प्रोफाइलमध्ये फोटो चढवा (तो नसेल तर पुढे जात नाही), मग 'मॅनेज'मध्ये ई-नॉमिनेशन. नॉमिनीचा आधार क्रमांक, फोटो, जन्मतारीख, पत्ता आणि टक्केवारी भरा. टक्केवारीची बेरीज शंभर हवी. शेवटी आधारच्या ओटीपीने ई-साइन करायची असते आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. माहिती सेव्ह झाली म्हणजे झालं असं वाटतं, पण ई-साइनशिवाय नामांकन पूर्ण होत नाही. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपी येतच नाही, म्हणून तो आधी बदला. पीएफशी जोडलेला ईडीएलआय विमा, जास्तीत जास्त सात लाखांचा, हाही पीएफच्या नॉमिनीलाच जातो. पेन्शनचं नामांकन त्याच पोर्टलवर वेगळं भरावं लागतं, ते गाळू नका.

बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५पासून चार नॉमिनींपर्यंत नावं देता येतात. तिथे नॉमिनीला पैसे मिळतात ते वारसांच्या वतीनेच.

नाव लिहिताना

पुष्कळ क्लेम अडतात ते नावावर. आईचं आधारवर एक नाव, पासबुकावर 'सौ.' लावून दुसरं, पॅनवर माहेरचं आडनाव. गावात सगळे अक्का किंवा माई म्हणतात, आणि घाईत फॉर्मवर तेच उतरतं. आधी आईचं आधार आणि पासबुक समोर ठेवा, दोन्हींतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा, आणि नॉमिनीच्या रकान्यात नेमकं तेच लिहा. जुळत नसेल तर बँकेचं नाव आधारप्रमाणे करून घ्या. हे आत्ता एका खेपेत होतं, नंतर सहा खेपांत. जुन्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख शाळेत घालताना १ जून लावलेली असते आणि कधी दोन कागदांवर वर्षही निरनिराळं निघतं, तेही एक करून घ्या. नात्याच्या रकान्यात 'पालक' न लिहिता 'आई' लिहा.

जुन्या पॉलिसीत नाव बदलायचं असेल तर एलआयसीत फॉर्म ३७५० भरून मूळ पॉलिसीसह तुमच्या सर्व्हिसिंग शाखेत द्यावा लागतो. खासगी कंपन्यांत बहुधा ॲप किंवा पोर्टलवर ओटीपीने होतं. कुठेही केलं तरी नोंद झाल्याची लेखी पोच मागा, ती देणं कलम ३९ प्रमाणे कंपनीवर बंधनकारक आहे. पोच नसेल तर बदल झालाच नाही असं समजून पाठपुरावा करा. नवीन पॉलिसी हातात आल्यावर फ्री-लूकचे, म्हणजे पटली नाही तर ती परत करण्याचे, ३० दिवस असतात. त्यात पहिल्या पानावर नॉमिनीचं नाव, नातं आणि टक्के एजंटने बरोबर भरलेत का तपासा.

घरी काय सांगायचं

नॉमिनीला आपण नॉमिनी आहोत हे माहीतच नसेल तर सगळं वाया. दहा वर्षं कोणी न मागितलेली विम्याची रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वळवली जाते. एका कागदावर कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, रक्कम, यूएएन, एचआरचा ईमेल आणि ग्रुप विम्याचा तपशील लिहा. पासवर्ड नकोत. घरी ज्या कपाटात सातबारा आणि पासबुकं असतात तिथेच तो ठेवा, ईमेलमधल्या पीडीएफचा आईला उपयोग नाही. आई "असलं अभद्र काय बोलतोस" म्हणेल. बाबांपुढे किंवा बहिणीपुढे बोला, पण बोला.

आणखी एक गोष्ट गावाकडच्या घराला माहीत असावी : मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते. पुण्यात घडली तर पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेत, ती शक्यतो २१ दिवसांच्या आत. ग्रामपंचायतीचा दाखला चालत नाही. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रतीही लागतात. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घ्या, कारण विमा, पीएफ, बँक सगळीकडे वेगळी लागते.

विमा कंपनी क्लेम अडवत असेल तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही झालं तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरानंतर एक वर्षाची मुदत आहे, ती जाऊ देऊ नका. वारसांमधलं आपसातलं भांडण मात्र लोकपाल सोडवत नाही, त्याला दिवाणी न्यायालयच.

नोकरी बदलताना यातलं निम्मं पुन्हा करावं लागतं. जुन्या कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि नवीन कंपनीच्या पोर्टलवर नॉमिनीचा रकाना रिकामा असतो; ग्रॅच्युइटीचा फॉर्मही नव्याने. यूएएन तोच राहतो, पण पोर्टलवर आधीचं नामांकन ई-साइनसह दिसतंय का हे त्याच आठवड्यात एकदा उघडून बघा. लग्न ठरलं असेल तर लग्नाच्या दाखल्यासाठी अर्ज कराल त्याच सुमारास पीएफ, विमा, बँक आणि मृत्युपत्र या क्रमाने चारही ठिकाणी जा. आई-वडिलांना वगळण्याचं कारण नाही. आयुर्विम्यात बायको किंवा नवरा आणि आई-वडील यांच्यात टक्के वाटून लिहिता येतात, आणि ते किती हे दोघांनी घरी बसून ठरवलेलं बरं.